पाचवे शील आणि आपल्या घरातला आजारी माणूस



वर्षावासात वाडीवरच्या विहारात आपण पंचशील शिकतो. पहिली चार शीले समजावून घेताना सारे मोकळेपणाने बोलतात. पाचव्याची पाळी आली की सभेत एकदम शांतता पसरते. एखादी आई पदराशी चाळा करीत बसते, एखादी भगिनी मुलाला घेऊन बाहेर जाते. का, हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. ज्या घरात दारू आहे, त्या घराला पाचवे शील ऐकताना आपल्यावरच कोणी बोट दाखवीत आहे असे वाटते.

आजचा पाठ अशा घरांसाठी आहे. दारू वाईट आहे, हे त्या घरांना आम्ही सांगण्याची गरज नाही. ते त्यांना आमच्याहून अधिक कळते. त्यांचा प्रश्न निराळा आहे. घरातला माणूस पितो, तो आपला आहे, आपण त्रिशरण घेतले आहे. तर आता आपण त्याच्याशी वागावे कसे?

शिक्षापद म्हणजे काय?

प्रथम शब्द पाहू. पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मज्ज असे तीन शब्द येतात. सुरा म्हणजे धान्यापासून केलेली दारू. मेरय म्हणजे फळे, फुले, मध, गूळ यांपासून केलेली. मज्ज म्हणजे मद आणणारे सर्व काही. तेव्हा काजूच्या बोंडाची आहे, घरची आहे, औषधी आहे, ही सबब चालत नाही. माडी असो, गावठी असो, की बांद्याच्या बाजूने आलेली गोव्याची स्वस्त बाटली असो, सारी त्या तीन शब्दांत आली. गांजा आणि नशेच्या गोळ्याही आल्या.

पुढचा शब्द आहे ‘पमादट्ठान’. पमाद म्हणजे प्रमाद, बेसावधपणा. ट्ठान म्हणजे त्याचे स्थान, त्याचा आधार. दारू वर्ज्य आहे ती कोणा देवाने मना केली म्हणून नव्हे. तिच्यामुळे माणसाची सावधानता जाते आणि सावधानता गेली की बाकीची चारही शीले मोडायला वेळ लागत नाही, म्हणून ती वर्ज्य आहे.

शेवटचे दोन शब्द आपण रोज म्हणतो, पण त्यांकडे लक्ष देत नाही. ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याची पायरी. ‘समादियामि’ म्हणजे मी स्वतः स्वीकारतो. हे शील मी माझ्यासाठी घेतो. नवऱ्यासाठी बायको ते घेऊ शकत नाही, मुलासाठी आई घेऊ शकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तीही प्रत्येकाने आपल्या तोंडाने उच्चारली.

मग घरच्यांच्या वाट्याला काय येते? त्यांच्याही वाट्याला पाचवे शीलच येते. दुसऱ्याच्या दारूभोवती आपण बेसावध राहणे, ती झाकणे, तिच्यासाठी खोटे बोलणे, तिला पैसे पुरविणे, हाही प्रमाद होय. आणि दारूच्या रागापायी आजारी माणसाला टाकून देणे, हाही प्रमादच होय. दारूला हात द्यायचा नाही आणि माणसाचा हात सोडायचा नाही, असे हे दुहेरी काम आहे. कठीण आहे, परंतु स्वतः भगवंतांनी ते करून दाखविले आहे.

सागत भिक्खूची कथा

विनयपिटकात सागत नावाच्या भिक्खूची कथा आहे. सागत मोठा सामर्थ्यवान भिक्खू होता. अंबतित्थ येथील नाग त्याने वश केला, अशी कथा सांगतात. त्याची कीर्ती कौशांबीपर्यंत पोचली. तेथील उपासकांना आनंद झाला आणि त्यांनी घरोघर त्याच्यासाठी दारू तयार ठेवली. सागत भिक्षेला निघाला. प्रत्येक दारी थोडी थोडी घेतली. परत येताना नगराच्या वेशीत तो कोसळला.

इथे एक गोष्ट पाहून ठेवा. सागताला दारू शत्रूंनी पाजली नाही. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी आदराने पाजली. आपल्याकडे लग्नात, हळदीत, मुंबईहून चाकरमानी आला म्हणून, एवढेच नव्हे तर जयंतीच्या मिरवणुकीनंतरसुद्धा जी बाटली उघडते, ती प्रेमानेच उघडते.

भगवान नगरातून बाहेर पडत होते. त्यांनी सागताला वेशीत पडलेला पाहिला. त्यांनी त्याला ओलांडले नाही. तेथे उपदेशही केला नाही, कारण झिंगलेला माणूस उपदेश ऐकत नाही. याला उचला, असे त्यांनी भिक्खूंना सांगितले. भिक्खूंनी त्याला आरामात नेले व भगवंतांकडे डोके करून निजविले. नशेत तो फिरला आणि त्याने भगवंतांकडे पाय केले. भगवंतांनी भिक्खूंना विचारले, पूर्वी हा माझ्याशी आदराने वागत असे ना? आता वागतो आहे काय? नाग वश करणारा हा आता पाणसापाशी तरी झुंजू शकेल काय? भिक्खू म्हणाले, नाही. तेव्हा भगवंतांनी दारू पिण्याविरुद्ध संघासाठी नियम घालून दिला.

एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. माणसाला उचलले आणि दारूला बंदी केली. नियम एकट्या सागतासाठी झाला नाही, सर्व संघासाठी झाला. पुढे हाच सागत तेजोधातूत कुशल अशा भिक्खूंमध्ये अग्रगण्य म्हणून नावाजला गेला. वेशीत पडलेल्याला त्या दिवशी संघाने टाकून दिले असते, तर ते नाव आपल्याला मिळाले नसते.

हा आजार कसा?

कोणी म्हणेल, “मनात आणले तर तो सोडील. मुद्दामच पितो.” सुरुवातीला हे खरे असते. पहिला पेला माणूस आपल्या इच्छेने घेतो. परंतु वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचे शरीर दारूला सरावते. पूर्वी जेवढीत झिंग येई तेवढीत ती येत नाही, म्हणून माप वाढते. सकाळी हात थरथरतात, दारू घेतल्यावर थांबतात. अशा वेळी तो सुखासाठी पीत नसतो, त्रास थांबावा म्हणून पीत असतो. वैद्यकशास्त्र याला अवलंबित्वाचा आजार म्हणते.

आपल्या धम्मात हीच साखळी सांगितली आहे. वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान. उपादान म्हणजे घट्ट धरून बसणे. आधी माणूस बाटली धरतो, मग बाटली माणसाला धरते. आजार आहे म्हणून जबाबदारी संपली असे नव्हे. मधुमेह झालेल्यालाही गोड सोडावे लागते आणि औषध घ्यावे लागते. परंतु मधुमेह झाला म्हणून आपण कोणाला चारचौघांत शिव्या देत नाही.

आपल्या भागात या आजाराला वाट कशी मिळाली, हेही समजून घ्या. कोकणातला पुरुष दोन-तीन पिढ्या मुंबईच्या गिरणीत आणि गोदीत राबला. बायकामुले गावी, तो खोलीत दहाजणांत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे हजारोंच्या हातचे काम गेले. कित्येक जण रिकाम्या हातांनी गावी परतले. एकटेपण, बेकारी आणि जातीचा अपमान गिळताना घेतलेला पेला कित्येक घरांत तसाच राहिला. हे कारण झाले, सबब नव्हे. कारण कळले म्हणजे उपाय शोधता येतो.

आजाऱ्याची सेवा करणाऱ्याचे पाच गुण

एकदा एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर निजविले आणि जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा अर्थाचा उपदेश केला. त्याच प्रसंगी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. ते आपल्या घराला लावून पाहू.

पहिला गुण, औषधाची व्यवस्था करता येणे. म्हणजे दवाखान्यात नेणे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर मिळतील असे पाहणे.

दुसरा, हितकर काय व अहितकर काय हे ओळखणे. हिताचे जवळ आणणे, अहिताचे दूर करणे. घरात बाटली न ठेवणे हे यात येते. हाती रोख पैसा न देता सामान आणून देणे हेही येते.

तिसरा, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे. “मी तुझ्यासाठी एवढे केले” असा हिशेब रोज मांडला तर ती सेवा राहत नाही.

चौथा, मळमूत्र आणि वांती काढताना किळस न करणे. अडीच हजार वर्षांपूर्वी वांतीचा उल्लेख केला आहे! ज्या भगिनीने रात्री दोन वाजता हे काम केले आहे तिला याचा अर्थ सांगायला नको.

पाचवा, वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून आजाऱ्याला उत्साह देणे. वेळोवेळी, रोज सकाळ-संध्याकाळ नव्हे.

आजाऱ्याचेही गुण सांगितले आहेत. पथ्य पाळणे, प्रमाण जाणणे, औषध घेणे, दुखणे खरेखरे सांगणे, वेदना सोसणे. यांतला खरे सांगण्याचा गुण आजाऱ्यात तेव्हाच येईल, जेव्हा खरे सांगितल्यावर त्याला मार व शिव्या मिळणार नाहीत.

मदत कोणती आणि दारूची साथ कोणती?

समजा, उंबर्डे किंवा भुईबावडा बाजूला एक घर आहे. मुलगा तिशीतला, मजुरीला जातो. सकाळी उठवत नाही. आई मुकादमाला सांगते, “तेका ताप इलो हा.” दुकानदाराची उधारी बाप पेन्शनीतून भागवितो. बहीण भांडण मिटविते. सर्वजण प्रेमाने वागत आहेत. परंतु या तिघांच्या प्रेमामुळे दारूचे दुष्परिणाम मुलापर्यंत पोचतच नाहीत. त्याला काही सोडण्याचे कारणच उरत नाही.

तेव्हा ठरवा. मुकादमाशी खोटे बोलायचे नाही. दारूची उधारी फेडायची नाही. पडलेल्याला मात्र रस्त्यावर ठेवायचे नाही. सिगालसुत्तात उपकारक मित्राचे लक्षण सांगितले आहे की तो बेसावध झालेल्या मित्राचे रक्षण करतो. अट्ठकथेत त्याचे स्पष्टीकरण आहे: दारू पिऊन वाटेवर पडलेल्या मित्राचे कोणी वस्त्र नेऊ नये म्हणून तो जवळ बसून राहतो. जवळ बसून राहणे ही मदत. पेला भरून देणे ही साथ.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना उपदेश केला. स्वच्छ राहा, मुलामुलींना शाळेत घाला, असे सांगताना दारू पिणाऱ्या नवऱ्याला व मुलाला जेवू घालू नका, अशा आशयाचेही त्यांनी सांगितले. हे ऐकून कोणाला वाटेल, भगवंतांनी उचलायला सांगितले आणि बाबासाहेबांनी उपाशी ठेवायला? विरोध नाही. त्या काळच्या आपल्या स्त्रीच्या हातात पैसा नव्हता, कायदा नव्हता, दवाखाना नव्हता. तिच्या हातात एक चूल होती. दारू पिऊन येणाऱ्याला मानाचे ताट मिळते आणि मुले उपाशी निजतात, हे तिने चालू देऊ नये, असा त्याचा भावार्थ आम्ही घेतो. झिंगेचा मान राखायचा नाही. सकाळी शुद्धीवर आलेल्या आजाऱ्याला मात्र पेज द्यायची, कारण न जेवता पिणाऱ्याचे शरीर लवकर खचते.

बोलावे कधी आणि कसे?

नशेत असताना वाद घालू नका. दोघांचेही त्यातून नुकसान होते. सकाळी, तो शुद्धीवर असताना, मुले समोर नसताना बोला. एकाच माणसाने बोलावे. साऱ्या भावकीने घेरू नये. दहा वर्षांच्या चुकांची यादी वाचू नका. परवा काय घडले तेवढेच सांगा आणि आपल्याला काय वाटले ते सांगा. “तू दारुडा आहेस, तू बाबासाहेबांना फसवलेस” असे म्हटले की तो उठून जातो, आणि विहारात येणेही सोडतो. “काल रात्री तू आला नाहीस. मी दारात बसून होते. मला भीती वाटली. माझ्याबरोबर डॉक्टरकडे येशील का?” असे म्हटले तर तो कदाचित आजही उठून जाईल. पण हे वाक्य त्याच्या मनात राहील.

आणि जे करणार नाही त्याची धमकी देऊ नका. “उद्या माहेरी जाते” असे शंभरदा म्हणून न गेलेल्या शब्दाला वजन राहत नाही.

सोडण्याचे पहिले दिवस: येथे सावध असा

हा भाग नीट वाचा, कारण यात जीव जाऊ शकतो.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू थांबविली तर पहिल्या दिवसात हात कापणे, घाम, ओकारी, झोप न येणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखे वाटते, घरचे ओळखू येत नाहीत. अशा वेळी घरात काय होते? “कोणीतरी करणी केल्यान हा” असे कोणी म्हणतो आणि देवरसी बोलावला जातो. अंगाऱ्यात रात्र जाते आणि माणूस हाताचा जातो. ही बाहेरची बाधा नव्हे. दारू अचानक बंद झाल्याचा हा परिणाम आहे आणि त्याला दवाखान्यात उपचार आहे. १०८ ला फोन करा, ग्रामीण रुग्णालय गाठा.

म्हणून खोलीत कोंडून दारू सोडवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा आणि किती पितो ते खरे सांगा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. करूळचा घाट चढून गेलात तर कोल्हापूरचे सी. पी. आर. रुग्णालय आहे. कोणाला विचारावे हेच कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा शासकीय फोन आहे. फोन घरच्या माणसानेही करता येतो. पिणाराच हवा असे नाही.

आणखी एक. चहात, आमटीत गुपचूप मिसळण्याची पूड वा गोळी कोणी विकत असेल तर घेऊ नका. डायसल्फिरमसारखे औषध पोटात असताना माणूस प्याला तर जिवावर बेतते. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आजाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. जो धम्म खोटे न बोलण्यास शिकवितो, त्या धम्माच्या घरात उपचार चोरून कसा होईल?

तसेच मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घ्यायला लावू नका. शपथ मोडली की बापाला वाटते आपण मुलाचा घात केला, आणि त्या दुःखात तो अधिक पितो. “उद्यापासून सोडतलंय” ही शपथ नको. “आज नाही” एवढेच पुरे. उद्या पुन्हा “आज नाही”.

एकट्याने होत नाही

पुण्याला २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. येरवड्याच्या मनोरुग्णालयातील डॉक्टर अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी ते उभे केले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी त्यास साहाय्य केले. तेथे आजाऱ्याबरोबर घरच्यांनाही समजावले जाते, कारण पिणारा एक असला तरी आजारी सारे घर पडते.

अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यपींनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ निघाली. १९५१ साली घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन निघाली. मुंबई, गोवा, पुणे येथे त्यांच्या सभा भरतात; शुल्क नसते, नाव उघड होत नाही. तेथे आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख येतो, म्हणून आपले काही बांधव बिचकतात. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत, हे योग्यच. परंतु ती शक्ती कोणती हे ज्याचे त्याने ठरवावे, असे ते स्वतः सांगतात. आपल्याला देव लागत नाही. आपली शक्ती धम्म आणि संघ. व्यसन सोडणाऱ्यांचा मेळा हाही एक संघच नव्हे काय?

घरच्या माणसा, तूही कोणाशी तरी बोल. बहिणीशी, शेजारणीशी, आशाताईशी. लाज आपली नाही. लाज धरून गप्प बसलेल्या घरात आजार वाढतो. आणि मुलांना जवळ घेऊन सांग की बाबा आजारी आहेत, तुमच्यामुळे ते पीत नाहीत. लहान मुलाला नेहमी वाटते की आपणच काहीतरी चुकलो.

पुन्हा प्याला तर?

पुष्कळदा तसे होते. सहा महिने सोडली आणि गणपतीला आलेल्या जुन्या सोबत्याने पुन्हा ओतली. सिगालसुत्तात पानसख्याचे वर्णन आहे: पेल्यापुरता मित्र. अशा वेळी “गेले सारे पाण्यात” म्हणू नका. सहा महिने वाया गेले नाहीत. सहा महिने जमते हे सिद्ध झाले. कुठे पाय घसरला ते शांतपणे शोधा. पगाराचा दिवस, संध्याकाळची सहाची वेळ, तिठ्यावरचे ते दुकान. पुढच्या वेळी त्या दिवशी कोणीतरी बरोबर चालत यावे. त्याच दिवशी पुन्हा डॉक्टरकडे जावे.

मार सोसणे ही क्षांती नव्हे

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. माणसाचा हात सोडू नका म्हणजे त्याच्या हातचा मार खा, असे नव्हे. तो हात उगारीत असेल, मुलांना धोका असेल, तर त्या रात्री घर सोडा. कोणाकडे जायचे ते आधी ठरवून ठेवा. शिधापत्रिका, आधार, थोडे पैसे एका पिशवीत ठेवा. ११२ ला फोन करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला संरक्षण दिले आहे. स्वतःला व मुलांना वाचविणे हे त्याला टाकणे नव्हे. दूर राहूनही त्याच्या उपचाराला हातभार लावता येतो. आणि प्रयत्नांची शर्थ करूनही एखादा सुधारला नाही, तर तो दोष घरच्यांचा नव्हे. शील त्याने घ्यायचे होते.

विहाराचे काम

सागताला भगवंतांनी एकट्याने उचलले नाही; भिक्खूंना उचलायला सांगितले. म्हणून शेवटी विहार समितीला चार शब्द.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. महाराष्ट्रात गावोगावच्या स्त्रियांनी मतदान करून बाटली आडवी केली. ही लढाई हवीच. परंतु कायदा येतो आणि जातो. वाडीची सवय वाडीनेच बदलावी लागते. आपल्या लग्नात, बारशात, जयंतीत बाटली येणार नाही, असा ठराव करा आणि तो श्रीमंतालाही लावा. गावकीच्या राखणीत बाटली ठेवण्याची चाल आपण दीक्षेबरोबर सोडली. ती जयंतीच्या मंडपामागून परत येता कामा नये.

व्यासपीठावरून कोणाचे नाव घेऊन टोमणा मारू नका. पिणाऱ्याला विहाराचे दार बंद करू नका. नशेत आला तर दोघांनी प्रेमाने घरी पोचवा आणि सकाळी त्याच्याकडे जा. दवाखान्याला जायला गाडी आणि सोबत द्या. जो सोडतो आहे त्याला संध्याकाळी सहा वाजता काहीतरी काम द्या: वाचनालय उघडणे, मुलांचा अभ्यास घेणे, विहार झाडणे. पेल्याची वेळ अशा कामाने भरून निघते. आणि स्त्री पीत असेल तर तिलाही हेच सारे. तिला अधिक लपावे लागते, म्हणून अधिक मायेने.

स्वाध्याय

पुढील प्रश्नांवर घरात बसून बोला. उत्तरे लिहून पाठविण्याची गरज नाही.

१. आपल्या घरात दारू झाकण्यासाठी गेल्या महिन्यात कोण, कोणाशी, काय खोटे बोलले?

२. सागताला दारू कोणी पाजली? आपल्या वाडीत ते काम कोण करतो? आपण तर नव्हे?

३. आपल्या माणसाशी शुद्धीवर असताना शेवटचे गोड शब्द आपण कधी बोललो?

४. आकडी आली वा भ्रम झाला तर रात्री कोणाची गाडी मिळेल? त्याचा फोन क्रमांक भिंतीवर लिहिला आहे काय?

पुढच्या पौर्णिमेला पाचवे शील म्हणाल तेव्हा मान खाली घालू नका. ज्या घरात आजार आहे त्या घरालाच त्या शीलाची सर्वांत अधिक गरज आहे. आणि वेशीत कोणी पडलेला दिसला तर भगवंतांनी काय सांगितले ते आठवा. आधी उचला.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.